फायरमनची सर्व्हिस

माझा उजवा खांदा दुखतोय हे दौंडात दोनच माणसांना ठाऊक होतं. एक माझी बायको खुर्शिद, आन् दुसरे येशुदासमामा, आमच्या रेल्वे इन्स्टिट्यूटच्या टेनिस कोर्टाची देखभाल करणारे. तिसऱ्याला कळलं असतं तर माझा बाजारच उठला असता.

साल एकसष्ट. मी, रशीद, लोको शेडमधी फायरमन. सात वर्सं इंजिनाच्या भट्टीत कोळसा टाकला, तवा कुठं शंटरच्या यादीत नाव आलं. शंटर म्हंजी यार्डात इंजिन मागंपुढं करणारा, आन् पुढं ड्रायव्हर. ऱ्हायली होती फक्त सोमवारची मेडिकल, आन् ती घेणार रेल्वेचे डॉक्टर उजागरे. हात वर गेला न्हाई तर फूटप्लेटवरनं, म्हंजी इंजिनावरनंच खाली. आन् माझं नशीब बघा! आदल्याच दिवशी, रविवारी, इन्स्टिट्यूटच्या फायनलला माझ्यासमोर कोण, तर तेच डॉक्टर उजागरे. न्हाई खेळत म्हणावं, तर का म्हणून इचारणार. खेळावं, तर खांदा बघणार. खुर्शिद म्हणाली, "त्या चेंडूपायी घर बुडवा आता." मी तिच्यावर खेकसलो आन् रॅकेट घेऊन बाहेर पडलो.

येशुदासमामांनी शनिवारी माझी सर्व्हिस बघितली आन् कपाळावर हात मारला.

"साहेबावानी ताठ काय उभा ऱ्हातूस रं? गुडघ्याला फळी बांधलीय व्हय? कोळसा टाकतूस तवा काय हातानं टाकतूस?"

"हातानंच की."

"डोंबल! टाकून दाखव."

मी मोकळ्या हातांनीच फावडं मारल्यासारखं केलं, आन् माझं मलाच कळलं. चालत्या इंजिनावर फूटप्लेट हादरती, म्हणून गुडघं आपसूक ढिलं ऱ्हातात. जोर टाचंतून उठतो, मांडीत भरतो, कंबर वळती आन् हात नुसता मागनं येतो. कोर्टावर जमीन हलत न्हाई, म्हणून मी खुंटावानी उभा ऱ्हायचो आन् सगळं काम एकट्या खांद्याकडनं करून घ्यायचो. त्यानंच तर तो गेला होता. साहेबांची नक्कल करायला गेलो आन् हातचं घालवून बसलो, दुसरं काय!

"मूठ ढिली धर," मामा म्हणाले. "रॅकेट पडणार न्हाई एवढीच. घाई केलीस की खांदा बोलंल."

रविवारी दुपारी चारला खेळ सुरू झाला. शेडमधली चाळीस माणसं कोर्टाभवती. मी डोळं मिटून जमीन हलतीय असं मनात धरायचो, गुडघं सोडायचो, चेंडू वर टाकायचो. टाच, मांडी, कंबर, आन् मग हात. चेंडू सण्णकन जायचा आन् खांद्याला पत्ताच लागायचा न्हाई. पहिला सेट माझा. दुसऱ्यात माझी मूठ आवळली, आन् एका सर्व्हिसला खांद्यातनं अशी कळ गेली की डोळ्यांत पाणीच आलं. मी बुटाची नाडी बांधायला खाली बसलो. मान वर केली तर डॉक्टर माझ्याकडंच बघत होते. तो सेट त्यांनी घेतला.

तिसरा सेट. पाच-चार, चाळीस-तीस, सर्व्हिस माझी. एक पॉइंट आन् मी जिंकलो. सर्व्हिस झकास गेली, डॉक्टरांनी कशीबशी उचलली, आन् चेंडू उंच माझ्या डोक्यावर आला. सर्व्हिसचा चेंडू मी माझ्या सवडीनं टाकतो. हा माझ्या सवडीनं आला न्हवता. मी मागं सरकत होतो, पाय रोवायला वेळ न्हवता, पायांत काडीचा जोर न्हवता. मारायचा तर नुसत्या खांद्यानं.

"मार, रशीद, मार!" माझा जोडीदार फायरमन सिद्दीक ओरडला.

मी हात उचललाच न्हाई. चेंडू रेषेच्या आत पडला. शेडवाल्यांनी शिव्यांचा पाऊस पाडला. डॉक्टर जाळीपाशी आले.

"का सोडलास?"

घाबरलेल्या माणसाची जीभ मेंदूचं ऐकत न्हाई. मी म्हणालो, "दिसला न्हाई, साहेब."

सिद्दीकनं डोकं धरलं. पोट दुखतंय म्हणावं, पाय मुरगळला म्हणावं, पर सिग्नल बघून जगणाऱ्या माणसानं दिसत न्हाई असं कधी म्हणू नये. शेडमधल्या कालच्या पोरालाबी हे कळतं!

"नव्हं साहेब, डोळं चांगलं हायत!" मी ओरडलो. "अल्लाची कसम, खोटं बोललो. खांदा दुखतोय. दोन म्हैनं झालं."

"खांद्याचं मला दुसऱ्या सेटलाच कळलं होतं," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. "पण तू तो पायांनी सांभाळून घेत होतास. इतका शहाणा गडी महिन्याभरात बरा होतो. उद्या मी सही करणार होतो, रशीद. आता ते 'दिसला नाही' चाळीस माणसांनी ऐकलंय. मी ऐकलंच नाही, असं कसं म्हणू?"

मी जाळी घट्ट धरली. लांबच्या सिग्नलचा हात खाली पडल्याचं सांगितलं, मालगाडीचे डबे मोजून दाखवले. लेकरावानी रडलो म्हणा ना, लाज कसली! डॉक्टरांचं तोंड उतरलं, पर त्यांनी डोळे तपासायची चिठ्ठी मोठ्या दवाखान्याच्या नावानं लिहिलीच. खेळ तिथंच मोडला. चषक कुणाला गेला, मी इचारलं न्हाई.

गुरुवारी शंटरची पक्की यादी लागली. माझ्या जागी सिद्दीकचं नाव होतं. तो माझ्या दारापातूर आला आन् तसाच माघारी फिरला.

माझा डोळ्यांचा कागद तीन आठवड्यांनी आला. नजर उत्तम, असं लिहिलं होतं. तवर इंजिनावर चढायची मनाई, म्हणून मी शेडमधी राख ओढायच्या कामाला लागलो होतो, आन् खांदाबी दुखायचा थांबला होता.