आधी काळी तार

मी टॅक्सीची बॅटरी बोलतेय. माझी एक बाजू फुटली आहे, आतलं पाणी सांडून गेलं आहे. दहिसरच्या एका भंगाराच्या वखारीत मी पडून आहे. शिशासाठी मला फोडतील, त्याआधी एवढं सांगून टाकते.

जयवंत माझा मालक. गिरणी बंद पडल्यावर त्यानं टॅक्सी घेतली. जोगेश्वरीत चाळीखाली ती रस्त्यावरच उभी राहायची, आणि तिथं बॅटऱ्या सर्रास चोरीला जायच्या. म्हणून धंदा आटोपला की तो मला सोडवून, पोटाशी सरळ धरून वर घरी न्यायचा.

त्याची रीत ठरलेली. गाडी बंद, किल्ली खिशात, बोटातली अंगठी काढलेली, आणि मग आधी काळी तार. बायकोला, मालनलाही, त्यानं ते शिकवलं होतं.

"काळी तार गाडीच्या पत्र्याला जोडलेली असते. ती सुटली की पाना पत्र्याला कुठंही टेकू दे, ठिणगी नाही. लाल आधी सोडलीस तर वाट लागली."

"आणि परत लावताना?"

"लाल आधी, काळी सगळ्यांच्या मागून."

"मी जेवायला बसते तशी," मालन म्हणाली. दोघं हसली.

पंच्याऐंशीचा दसरा. सकाळभर भाडी मारून जयवंत परतला. चार्ज होऊन होऊन मी तापले होते. अशा वेळी माझ्यातून वायू निघतो. डोळ्यांना दिसत नाही, ठिणगी लागली की पेटतो. गाडी धुतली, आता मला उतरवून पुसायचं आणि पूजा. जयवंतची आई, जानकी, हळदकुंकवाचं ताट घेऊन उभी होती. त्यानं पाना काळ्या तारेला लावला.

"आज सण मा रे! पयलो हात काळ्याक कित्याक? तांबडी सोड आधी," जानकी तिच्या मालवणीत म्हणाली.

"आये, ही गाडी आसा, देवारो नाय."

"वर्साचो सण. माझा एक आयक."

"अहो, रोजच्यासारखंच करा ना," मालन म्हणाली.

त्यानं आईच्या तोंडाकडे पाहिलं. "बरा गे, तुझ्या मनासारखा." आणि पाना लाल तारेवर नेला.

पान्याचं दुसरं टोक पत्र्याला टेकलं, ठिणगी उडाली. मी फुटले. माझं ॲसिड त्याच्या डोळ्यांत गेलं. मालननं गाडी धुवायची बादली त्याच्या तोंडावर ओतली, ओढत नळाखाली नेलं, बोटांनी पापण्या उघड्या धरल्या. तो ओरडत होता, ती पाणी सोडत होती. त्यामुळेच उजवा डोळा राहिला, असं डॉक्टर म्हणाले. डावा गेला. टॅक्सी चालवायची परवानगीही गेली. गाडी विकली.

तो इस्पितळातून घरी आला तेव्हा मी गॅलरीत होते. जानकीनं बरेच दिवस गिळलेला प्रश्न विचारला.

"माझ्या सांगण्यान झाला काय रे ह्या?"

मालननं मान खाली घातली.

"नाय गे आये," जयवंत म्हणाला. "बॅटरीच खराब होती."

म्हातारीनं सुस्कारा सोडला, मला दोन शिव्या दिल्या आणि त्याच दिवशी भंगारवाल्याला हाक मारली. जाताना मालननं मला उचलायला त्याला जिन्यापर्यंत हात दिला.

माझ्यात खोट नव्हती. पण म्हातारीला रात्री झोप लागत असेल, तर असू दे ते माझ्या नावावर. तुम्ही मात्र घरी कधी बॅटरी काढायला वाकलात, तर दिवस कुठलाही असो, सांगणारं माणूस कितीही लाडकं असो, आधी काळी तार सोडा.