पाय उचलू नको

सहादेवाच्या पायाची कर्जत तालुक्यात ख्याती होती. स्टीअरिंग काय कुणीही फिरवतं, पण ब्रेक मारावा तर सहादेवानं, असं लोक म्हणत, आणि सहादेव कधी ‘नाही’ म्हणत नसे. उभी हयात त्यानं ट्रकवर काढली होती. उस्तादानं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, “ब्रेकवर बसायचं न्हाई. मारायचा, सोडायचा. परत मारायचा, परत सोडायचा. बसलास तर चाक जाम हुतंय, गाडी घसरती, आन् मग स्टीअरिंग तुझ्या बापाचंबी ऐकत न्हाई. आन् पेडल पायाखाली थरथराया लागलं, की ब्रेक गेला म्हनून समज. पाय काढून घे.”

हे शब्द त्याच्या डोक्यात राहिले नव्हते, ते सरळ पायात उतरले होते.

अठ्ठ्याण्णव साली ट्रकच्या मालकांनी शिर्डीतल्या लॉजच्या जिवावर परदेशी गाडी आणली आणि ट्रकवरच्या सहादेवाला तिच्यावर बसवलं. गाडी ताब्यात देताना पुण्याच्या शोरूममधल्या टायवाल्या पोरानं त्याला शिकवणी दिली. ती शिकवणी आज सहादेव रंगवून सांगत होता. ऐकायला होत्या मालकांच्या आई, रंगुबाई. गावभर त्यांना आक्का म्हणत. मागं बसलं की त्यांना मळमळायचं, म्हणून त्या पुढं बसल्या होत्या. शिर्डीहून त्यांना कर्जतला सोडायचं होतं.

“म्हनं, ब्रेक दाबा आन् दाबूनच धरा! हरेक चाकापाशी म्हनं राखनदार बसीवलाय. चाक जाम व्हाया लागलं, की त्यो त्या चाकाचा ब्रेक सोडतो, परत धरतो, परत सोडतो. डोळ्याचं पातं लवायच्या आत धा-पंधरा येळा. पेडल थरथरंल, भिऊ नका, पाय उचलू नका, म्हनला. आन् तसंच दाबून धरून गाडी वळवा! आता काय म्हनावं ह्येला?”

“मंग बरोबरच हाय की,” आक्का म्हणाल्या. “तू करतो त्येच ती करती. तुझ्या पायापरीस झटकन करती, येवढंच.”

सहादेव हसला. म्हाताऱ्या माणसाला काय कळणार गाडीतलं! त्यानं विषय सोडून दिला.

मिरजगाव मागं पडलं. कारखान्याचे दिवस होते. उसाच्या ट्रॉल्यांनी रानातली काळी माती रस्त्यावर आणून टाकली होती, आणि पुढच्या वळणाच्या पलीकडं कुणाची तरी पाइपलाइन फुटून त्या मातीचा नुसता चिखल-राडा झाला होता. सहादेवाला तो वळण घेतल्यावर दिसला. आणि त्या राड्याच्या पलीकडं, रस्त्याच्या मधोमध, एक बाई दिसली.

ऊसतोडीची बाई होती ती. बैलांसाठी उसाच्या वाढ्यांचा भारा डोक्यावर घेतलेला. हिरवी पाती तोंडावरून अशी लोंबत होती, की तिला ना गाडी दिसत होती, ना ऐकू येत होती. ती आपली सावकाश चालली होती.

सहादेवानं जीव खाऊन ब्रेक दाबला.

पायाखाली पेडल थडथड उडायला लागलं. खालून करकर आवाज आला. गेला! ब्रेक गेला! आणि विचार करायच्या आत पाय वर आला होता. गाडी मोकळी होऊन त्या चिखलावरून बाईच्या रोखानं सुसाट सुटली.

“उचलू नको म्हनला ना त्यो!”

आक्का त्याच्या अंगावर कलंडल्या होत्या. दोन्ही हातांनी, सगळा भार टाकून, त्यांनी त्याचा गुडघा खाली रेटला. पेडल तळाला गेलं. पुन्हा तीच थडथड, तीच करकर. सहादेवाचा पाय वर यायला धडपडत होता आणि म्हातारी तो येऊ देत नव्हती. सुचेना म्हणून त्यानं स्टीअरिंग ओढलं. ट्रक असता तर सरळ त्या बाईवर गेला असता. ही गाडी, ब्रेक तळाला असताना, वळली.

भाऱ्याची पाती आक्कांच्या खिडकीच्या काचेवर खसखसत घासून गेली. गाडी साइडपट्टीवर उभी राहिली.

पाती कशाला अडकली ते बघायला बाई वळली. तोंडावरचं हिरवं बाजूला सारून तिनं गाडी पाहिली, चिखलातले चाकांचे माग पाहिले. तिला काय कळलं कोण जाणे.

“व्हरन तरी वाजवायचा की वो!” ती म्हणाली आणि भारा सावरून वाटेला लागली.

सहादेव समोर बघत होता. पाठमोरा भारा लहान लहान होत गेला, पुढल्या वळणाआड गेला, तरी तो बघतच होता.

“मी उचलला हुता, आक्का,” अखेर तो म्हणाला. “माझ्या पायानं मारली हुती तिला.”

“ठावं हाय मला. चल आता.”

पण गाडी जागची हलेना. आक्कांनी खाली वाकून पाहिलं. सहादेवाचा पाय अजून पेडलवरच होता, सगळ्या ताकदीनिशी दाबलेला.

“आक्का,” तो लहान पोरासारखा म्हणाला, “निघंना वो पाय.”

म्हातारीनं त्याच्या गुडघ्यावर पुन्हा हात ठेवला. या वेळी हलकाच.

“थांबलीया गाडी, सहादेवा,” ती म्हणाली. “आता उचल.”