सा-पची जोडी तोडणारा नियम

मित्रांनो, मी एक जुना नियम आहे. हसू नका! मला हातपाय नसले तरी एके काळी माझा चांगला दरारा होता. आपोआप संगीत रचणाऱ्या एका सॉफ्टवेअरमध्ये मी राहतो. गायकांचे आवाज एकमेकांत मिसळून जाऊ नयेत म्हणून, सा आणि प जोडीने वर-खाली सरकू लागले, की त्यांना वेगळे करायचे आणि तिथे लाल रेघ ओढायची, एवढेच माझे काम.

जाड चष्म्याच्या एका तरुणाने गायनवृंदाच्या जुन्या पुस्तकातून मला उतरवून घेतले. सुरुवातीची वर्षे किर्गिझस्तानच्या राजधानीत, बिश्केकमध्ये गेली. तिथल्या गायकांचे चार आवाज मी शिस्तीत चालवले. लोक "काय गोड झालंय!" म्हणत. मग मी थोडा फुगलोच.

पुढे सादात नावाच्या संगीतशिक्षिकेने मला तिच्या लॅपटॉपमधून डोंगरातल्या नारिन गावी नेले. तिचे मामा कासिमाली कोमुझ वाजवत. जर्दाळूच्या लाकडाचे, तीन तारांचे वाद्य ते. पण अर्धांगवायूच्या झटक्याने मामांचा डावा हात लुळा पडला आणि स्वतः रचलेल्या धुनेचा उत्तरार्धही ते विसरले. पूर्वार्ध तेवढा सादातच्या फोनमध्ये होता. नोरूझच्या, म्हणजे नववर्षाच्या सणात तिचे विद्यार्थी ती धून वाजवणार होते आणि सणाला आठच दिवस उरले होते.

सादातने सॉफ्टवेअरला पूर्वार्ध ऐकवला. त्या चालीवर त्याने पुढचे तुकडे रचायचे आणि मामांनी त्यांतून आपला ओळखायचा, असे ठरले. मी आनंदाने रेघा ओढू लागलो.

"हे कसलं गं?" मामा म्हणाले. "नाक पुसून, भांग पाडून पोराला फोटोला बसवलंय!"

"तीस तुकडे झाले, मामा. एकही तुमचा नाही?"

"माझा असता तर मी असा गप्प बसलो असतो का?"

सादातने लय बदलली, वाद्याचा आवाज बदलला. काही उपयोग झाला नाही. सहाव्या दिवशी चहा पिता पिता त्यांनी पडद्याकडे बोट दाखवले.

"या लाल रेघा कसल्या?"

"चूक सुधारली की येतात." सादातने मला मोठ्याने वाचून दाखवले.

मामा खो खो हसले. "अगं, ती चूक नाही, तो माझा अंगठा आहे! पन्नास वर्षं दोन तारा दाबत सा-पला तो एकत्रच पळवत आलाय."

सादातने मला बंद केले. मला फार वाईट वाटले. पण माझ्याविना रचलेल्या तिसऱ्याच तुकड्याला मामांचा उजवा हात गुडघ्यावर ताल धरू लागला.

"थांबव ते! पुढचं आठवलं मला!" असे म्हणून त्यांनी शेवटपर्यंतची धून गाऊन दाखवली. डोळे पुसायचेही त्यांना भान नव्हते.

"आता या नियमाला पुसूनच टाकते," सादात म्हणाली.

"त्याला कशाला हाकलतेस? बिश्केकच्या गायकांना लागेल तो. फक्त लुडबुड करण्याआधी विचारायला शिकव त्याला."

तेव्हापासून मी आधी विचारतो, "चालू होऊ का?"

नोरूझला सादातने धून टिपून घ्यायला लॅपटॉप समोर मांडला आणि माझ्या प्रश्नाला आधीच "नको" म्हणून ठेवले. बारा कोमुझ वाजू लागले. मामा पहिल्या रांगेत मान डोलावत होते. सा-प जोडीने धावत होते. एकशे चौदा वेळा मला रेघ ओढायची हुक्की आली, पण एकदाही ओढली नाही. आयुष्यातले माझे सर्वांत चांगले काम तेच.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या नियमांना फेकून देऊ नका. पण कुणाची चूक सुधारायला निघालात, तर तो त्याचा अंगठा तर नाही ना, एवढे आधी विचारा.