नळी नंबर एकशे बारा

“नळी आणली का, गिरिधर?” डॉ. मनोहररावांनी दार लावून घेत विचारलं.

गिरिधरनं शर्टाच्या खिशावर हात ठेवला. आज आपल्यावरचा जुना मेमो फाटणार, या आनंदात त्याला सकाळपासून चहाचीसुद्धा आठवण झाली नव्हती.

तीन वर्षांपूर्वी, त्र्याऐंशी साली, या प्रयोगशाळेत बळीराम नावाच्या रोग्याच्या मणक्यातलं पाणी तपासायला आलं. त्यातून उगवलेल्या यीस्टनं गिरिधरला चक्रावून टाकलं. मेंदूला सूज आणणाऱ्या या यीस्टच्या दोन जाती. रंगाच्या परीक्षेत एक निळी पडते, दुसरी पिवळीच राहते. हे धड निळं नाही, धड पिवळं नाही. मिसळ नसल्याची खात्री करायला एकेक ठिपका वेगळा काढून त्यानं एकवीस वेळा वाढवला, दर वेळी तेच. शिवाय ज्या उष्णतेत दोन्ही जाती माना टाकत, तिथं हे तरारून उठे.

“साहेब, हे हायब्रीड आहे,” पारशिवनीच्या शेतकऱ्याचा मुलगा असलेला गिरिधर म्हणाला होता. “आमच्या कापसावानी. दोन जाती एक झाल्या, अन् दोघींहून जोरदार निपजलं. म्हणून तर बळीराम दवा चालू असून गेला.”

साहेब खो खो हसले. “रोगाचं कुठं हायब्रीड असते गा? दोन नळ्या मिसळवल्या तू.” दुसऱ्याच दिवशी मेमो आला: निष्काळजीपणे नमुने मिसळले, बळीरामची नळी एकशे बारा नष्ट करून खाली सही करावी. गिरिधरची रवानगी काचसामान धुण्याच्या खोलीत झाली.

सही त्यानं केली नाही आणि नळीही मारली नाही. त्याची बायको सुभद्रा दर महिन्याला पाट्यावर कारळ वाटून द्यायची. त्याच्या काढ्यावर हे यीस्ट छान तपकिरी उगवे. जुन्या नळीतून नव्या नळीत, अशी छत्तीस वेळा त्यानं ती जगवली. मग एकदा विश्वासानं साहेबांना दाखवली. साहेबांनी त्यातलं थोडं मागून घेतलं, नीट तपासलं, आणि गेल्या महिन्यात मोठ्या सभेत भाषण ठोकलं: “आपल्या विदर्भातल्या हायब्रीड कापसासारखं...” गिरिधर मागच्या दाराशी उभा होता. शब्द त्याचे, टाळ्या साहेबांना. जाऊ दे, तो मनाशी म्हणाला, माझ्यावरचा डाग तर धुऊन निघाला.

“माझी नळी फ्रिज बंद पडून मेली,” साहेब आता सांगत होते. “दिल्लीले तपासाले जिवंत पाठवाची आहे. तुझ्याजवळच उरली.”

“देतो साहेब. पण तो मेमो...”

“हो, तेच.” साहेबांनी ड्रॉवरमधून कागद काढला, वर पेन ठेवलं. “सही कर. एकशे बारा नष्ट केली म्हणून. मले नवीन सापडली असं दाखवाचं आहे. नाही तं तीन वर्षं कोणाजवळ होती, हे विचारतील.”

ज्याला देव मानलं, त्यानं केसानं गळा कापला होता.

“म्हणजे डाग माझ्यावरच राहीन?”

“अबे, कागदच तर आहे. तुले काय फरक पडते?”

“खोट्यावर मी सही नाही करत, साहेब.”

तो उठून गेला. रागावला आहे, येईल परत, असं साहेबांना वाटलं, आणि तो आलाही. मधल्या वेळात त्यानं धुण्याच्या खोलीतल्या, जंतू मारायच्या वाफेच्या भांड्यात नळी ठेवून झाकणाचे स्क्रू आवळले होते, आणि पूर्ण वीस मिनिटं शेजारी स्टुलावर बसून राहिला होता. भाजणारी नळी त्यानं फडक्यात धरून टेबलावर ठेवली आणि कागदावर सही केली.

“आता खरं झालं, साहेब.”

एक तारखेला सुभद्रानं विचारलं, “कारळ वाटून देऊ का जी?”

“नको वं.”

“काहून?”

तो हात धुवायला उठला. तिनं काढलेल्या कारळाची चटणी केली. चटणी चांगली झाली होती. गिरिधरला एकच घास खाववला.