शेवटचं मत ग्राह्य

घरबसल्या फोनवरून मतदान! काय ते कौतुक झालं त्याचं. रांग नको, ऊन नको. आमच्या मोठ्या दिरांना तर आकाश ठेंगणं झालं, कारण वॉर्डातून तेच उभे होते आणि घरातली सगळी मतं आता त्यांच्या डोळ्यांदेखत पडणार होती.

सकाळी आंघोळी आटोपताच त्यांनी सगळ्यांना जेवणाच्या टेबलाशी बसवलं. सासूबाईंचं झालं, जाऊबाईंचं झालं. मग माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाले, "हं, दाब आता. लाजतेस काय?" आमचे हे शेजारीच बसून चहा फुंकत होते. दाबलं मी. न दाबून सांगते कुणाला?

पण डोकं नुसतं तापलं होतं. निवडून आले की दीर बाजारामागचं पाळणाघर पाडून तिथे गाड्या लावायची सोय करणार. भर सभेत सांगितलंय तसं. त्या पाळणाघरात मी कामाला जाते. ते गेलं की मी दिवसभर घरात, याच माणसांची तोंडं बघत. नको गं बाई!

जाहिरातीत सांगत होते, कुणी दबाव आणला तर केंद्रावर येऊन पुन्हा मत द्या, शेवटचं मत ग्राह्य. सासूबाईंचं औषध आणते म्हणून सटकले.

केंद्रावरच्या बाई भल्या होत्या. म्हणाल्या, "मत बदललं की लगेच मेसेज जातो हं. परस्पर कुणी गडबड करायला नको."

"कुणाला जातो?"

"नोंदणीतल्या नंबरावर."

तो नंबर यांचा. नोंदणी झाली तेव्हा माझ्याकडे फोन होता कुठे!

"नंबर बदलता येईल?"

"येईल की. जुन्या नंबरावर ओटीपी जाईल, तो सांगा."

हसावं की रडावं कळेना. एवढी हुशार माणसं बसली असतील हे ठरवायला, एकालाही बायको नव्हती का?

मागून कुणीतरी खेकसलं, "ताई, आत जाताय की घरी?"

घरी गेले तर पाळणाघर हातचं जातंय. आत गेले तर घरी काय होईल देव जाणे. तरी गेले आत, आणि दाबलं एकदाचं.

पायऱ्या उतरत होते तोवर यांचा फोन.

"अहो, ऐका," मी घाईघाईने म्हटलं, "मेसेज तुम्हीच वाचलात ना? खोडून टाका. दादांना काही बोलू नका, पाया पडते."

हे अगदी हळू म्हणाले, "थांब. दादांना देतो."