शेपूट तासलेला नऊ

गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. खिडकीच्या गजांना माणसं लोंबकळत होती. आत स्वयंपाकघराच्या फरश्या उखडून कमरेएवढा खड्डा खणलेला, आणि त्याच्या काठावर मांडी ठोकून पाताळबाबा बसलेला. त्यानं झोळीतून मूठभर राख काढून खड्ड्यात उधळली, डोळे फिरवले, हात खाली घातला आणि हिरवंगार नाणं वर काढलं.

"सहावं!" गर्दी ओरडली.

"धरणी ढेकर देतेय, बाळांनो! राजाच्या टांकसाळीतून निघालं ते थेट मातीत गेलं. दोनशे वर्षं माणसाचा हात लागलेला नाही. खाली हंडा आहे. पण धन मोठं लाजरं. घरात सुई टोचली की हातभर खाली सरकतं!"

नुकतीच दारात आलेली भिंगवाली तिथंच थबकली. जुन्या नाण्यांच्या दुकानात ती अठरा वर्षं नाणी पारखत होती. नाव तिथंच पडलेलं. हे घर तिच्या सख्ख्या थोरल्या बहिणीचं. सुई कुठली, ते तिला लगेच उमगलं. तेरा वर्षांच्या भाचीला रोज इन्सुलिन लागायचं.

"ताई, पोरीला इंजेक्शन कधी दिलंस शेवटचं?"

"काल सकाळी," ताईनं नजर चुकवली. "बाबा म्हणतात, एकवीस दिवसांचाच प्रश्न आहे गं. हंडा निघाला की ती कायमची बरी होणार आहे."

भिंगवाली आतल्या खोलीत धावली. पोर पलंगावर निपचित पडली होती. ओठ कोरडे, छाती भात्यासारखी वरखाली होत होती, आणि श्वासाला नासक्या फळांचा वास येत होता. "मावशी, पाणी," एवढंच ती पुटपुटली.

तिला पाणी पाजता पाजताच भिंगवालीनं रुग्णवाहिकेला फोन लावला. मागे वळली तर बाहेरच्या दाराला कडी घालून दाजी उभे.

"गाडी येऊ दे नाहीतर विमान. पोर उंबरा ओलांडणार नाही."

"दाजी, ती मरेल हो!"

"बाबा म्हणालेच होते, घरचंच माणूस आडवं येईल म्हणून."

आजाराबद्दल काहीही बोललं तरी बाबाचं उत्तर यांच्या तोंडी आधीच बसवलेलं होतं. नाण्यांबद्दलचं मात्र बसवलेलं नसणार. तिनं पिशवीतून भिंग काढलं आणि खड्ड्यापाशी गेली.

"बाबा, एक नाणं बघू?"

"बघ की! डोळे दिपतील."

तिनं कोपर गुडघ्यावर टेकवलं. नाणं हळूहळू उजेडाकडे फिरवलं. मग नखानं हिरवा थर खरवडला, तर त्याचा पापुद्रा सुटून आला.

"हा रंग आहे," ती मोठ्यानं म्हणाली. "मातीत चढलेला हिरवेपणा नखानं सुटत नाही. आणि राजाचा कान बघा, गाल बघा, पार गुळगुळीत झालेत. माणसाचा हात लागला नाही म्हणता? हे नाणं तीस-चाळीस वर्षं खिशाखिशातून फिरलंय."

"पाताळात गाल झिजतात!" बाबा गरजला. दोघं-तिघं हसले.

"बरं. साल आहे अठराशे दोन. सालाखाली चांदणी आहे. ही टांकसाळीची खूण. चांदणीची टांकसाळ उघडली अठराशे एकाहत्तरला. टांकसाळच नव्हती, तर नाणं पाडलं कुणी?"

शेजारचा शिंपी पुढे सरसावला, त्यानं भिंग डोळ्याला लावलं. सुईत दोरा ओवून तयार झालेली नजर ती.

"अरेच्चा! हे शून्य नव्हेच. नऊ आहे नऊ! शेपूट तासलंय त्याचं. चरा दिसतोय इथं."

"म्हणजे अठराशे ब्याण्णव," भिंगवाली म्हणाली. "म्हाताऱ्याचं वय वाढवून त्याला पणजोबा केलाय."

बाबा उठू लागला. "देवाच्या कामात भिंग घालता? जळून जाल!"

पण दाजी अजून कडीला हात लावूनच उभे होते. "ते असू दे. खड्डा मी खणलाय, या हातांनी. मग नाणं मातीतून वर आलं कसं?"

प्रश्न रास्त होता. भिंगवालीनं खड्ड्यात पाहिलं. माती काळी, वर पांढुरकी राख. दर नाण्याआधी एक मूठ.

"राख चाळून टाका," ती म्हणाली. "मंतरलेली आहे ना? चाळणीतून गेली म्हणून मंत्र गळणार आहे का?"

बाबानं झोळी छातीशी आवळली. "खबरदार! झोळीला हात लावशील तर पोरीच्या जिवावर बेतेल!"

आतून पोरीला उलटी झाल्याचा आवाज आला. ताईनं एकदा त्या खोलीकडे पाहिलं, एकदा बाबाच्या आवळलेल्या बोटांकडे. मग तीच पुढे झाली. झोळी हिसकावली, खुंटीवरची पिठाची चाळण घेतली आणि राख ओतली. दोन हिसके दिले. राख खाली गेली. चाळणीत तीन हिरवी नाणी खणखणत राहिली.

दाजींनी कडी काढली, पोरीला उचललं आणि गर्दीला खांद्यानं ढकलत गल्लीच्या तोंडाशी, नुकत्याच पोचलेल्या गाडीकडे धावले. मागच्या बिनगजाच्या खिडकीतून सटकू पाहणाऱ्या बाबाला शिंप्यानं पायाला धरून आत ओढलं. पुढचं पोलिसांनी पाहिलं.

पोर तीन दिवस अतिदक्षता विभागात होती. चौथ्या दिवशी उठून बसली. "आणखी काही तास गेले असते तर आम्ही काहीच करू शकलो नसतो," डॉक्टर म्हणाल्या.

ताई बाकावर बसून रडत होती. "हिशोबाची पुस्तकं लिहिते गं मी कचेरीत. इतकी कशी खुळावले?"

"खुळी नाहीस. पोरीला रोज टोचताना तुझा जीव तुटतो. ते त्यानं हेरलं."

भोंदू माणसं अशीच, जिथं दुखतं नेमकं तिथं बोट ठेवतात. तेव्हा चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी वस्तू हातात मागा, उलटीपालटी करून बघा. खरी असेल तर तपासल्यानं तिचं काही बिघडत नाही. तपासू न देणारा माणूस कशाला घाबरतो, ते विचारा. आणि औषध बंद करा म्हणणारा भेटला तर त्याच्याशी वादसुद्धा घालत बसू नका. लेकराला उचला आणि दवाखाना गाठा.