मागची बत्ती आणि मारुतरावांचा उजवा पाय

मी बत्ती बोलतेय. मागची. पुढचीचं कौतुक तुम्ही लई ऐकलं असेल. ती उजेड पाडते, रस्ता दाखवते, सगळे तिलाच पुसतात. मी तळेगाव ढमढेऱ्याच्या मारुतरावांच्या मोटारसायकलीच्या बुडाला, नंबरप्लेटच्या वर बसवलेली लाल काच. गाडी कुठं चाललीय ते मला कधीच कळत नाही. कुठून आली तेवढं दिसतं, आणि मागून कोण येतंय ते.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. एका साच्यातून पुष्कळ जणी पडलो, बाकीच्या कुठं गेल्या ठाऊक नाही. त्यात रडण्यासारखं काही नाही. चौऱ्याण्णव साली शेतातल्या शेवंतीला चांगला भाव मिळाला आणि मारुतरावांनी शिरूरहून गाडी आणली. त्यांच्या बायकोनं, रंगुबाईंनी, पुढच्या दिव्याला हार घातला. टाकीला कुंकू, हँडलला कुंकू, दोन्ही चाकांना कुंकू. मला बोट लागलं नाही. म्हटलं, राहू द्या.

मारुतरावांना बैलगाडी चांगली यायची. मोटारसायकल ते माळावर शिकले. शिकले म्हणजे पडायचे थांबले. मग बाजाराच्या दिवशी रंगुबाई पहिल्यांदा मागं बसल्या, मांडीवर पिशवी घेऊन, एका अंगाला पाय सोडून. ओढ्याच्या उताराला गाडी सुटली तशी त्यांनी नवऱ्याचा सदरा मागून धरला.

"अवो, पाय ब्रेकवर ठेवा! आन् पुन्यांदा काढला तर बघा, मी उतरून चालत जाईन. आन् का उतरले ते साऱ्या बाजाराला सांगीन!"

मारुतराव ऐकणारा माणूस. त्यांनी उजवा पाय ब्रेकवर ठेवला. ठेवला तो ठेवलाच.

गाडी थांबेल असा जोर त्यात नव्हता. पाहुणा पाटाच्या कडेला टेकतो तसा पाय नुसता टेकलेला. पण ब्रेकला खाली एक बटण असतं. ब्रेक गव्हाच्या दाण्याएवढा जरी खाली गेला तरी मी भक्कन पेटते. मागच्याला सांगते, बाबा, हा थांबतोय. माझं काम तेवढंच. आता मारुतराव घरून निघाले की मी पेटायची ती घरी येऊन पाय खाली टेकेपर्यंत. सगळ्या रस्त्यानं मी ओरडतेय, थांबतोय, थांबतोय, आणि हे चाललेत आपले.

घरातल्यांना हे कधी दिसलं नाही. चालवणारा पुढं बघतो. मागं बसणाऱ्याची माझ्याकडं पाठ. पोरगा ज्ञानेश टाकीवर बसायचा, पोरगी करिश्मा दोघांच्या मधी. गाडी दारात लागली की पाय निघायचा आणि मी गप्प. मागून येणाऱ्या माणसालाच मी दिसते, आणि आपल्या घरातलं माणूस कधी आपल्या मागून येत नाही.

मागच्यांना मात्र पुरेपूर दिसायचं. एसटीवाले आधी दबकायचे, मग हॉर्न मारायचे, मग पुढं जाताना डोकं बाहेर काढायचे. "ओ मामा, थांबायचं असंल तर थांबा, न्हाईतर जावा की!"

घरी आल्यावर मारुतराव सांगायचे, "आजकाल लोकांना लई घाई हाय."

सारखी पेटून माझ्या पोटातला बल्ब जळायचा. बॅटरी बसायची. हॉर्न तर खुडूक कोंबडीसारखा वाजायचा. चौकातला बन्सी मेकॅनिक बल्ब बदलायचा आणि म्हणायचा, "आप्पा, तुमची बत्तीच खोडील हाय." तेरा वर्षं मी हे नाव घेऊन फिरले. पायाला कुणी बोललं नाही. माणसांचं असंच असतं. जळतं त्याला नावं ठेवायची आणि जाळणाऱ्याला चहा पाजायचा.

दोन हजार सात साली ज्ञानेश सणसवाडीला कंपनीत लागला. तिथल्या पोरांच्या गाड्या बघून आला आणि एका सुट्टीच्या दिवशी कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढून म्हणाला, "आप्पा, आता एलईडी टाकू. करंट कमी खातंय, आन् उडत न्हाई."

"उडत न्हाई म्हंजी?"

"म्हंजी तुमी म्हातारं झाला तरी चालंल."

"त्ये झालंच हायेत," रंगुबाई आतून म्हणाल्या. "बसव लवकर, दुकानदारानं परत मागायच्या आत."

दोन स्क्रू काढून माझी काच उघडली. काळा पडलेला बल्ब गेला, त्या जागी बारीक बारीक दाणे आले, डाळिंब फोडल्यावर दिसतात तसे. ज्ञानेशनं हातानं ब्रेक दाबला आणि समोरची भिंत लालेलाल झाली.

"अगं बया," रंगुबाई म्हणाल्या, "भितीला इस्तू लागल्यागत दिसतंय."

तेरा वर्षांत माझ्याबद्दल निघालेला हा पहिला चांगला शब्द. मला आवडला. खोटं कशाला बोलू?

त्याच महिन्यात करिश्माला पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आणायचं ठरलं. ती दौंडला दिलेली, जावई रेल्वेत. मारुतराव म्हणाले, आणतो की गाडीवर. रंगुबाईंनी त्यांच्याकडं असं बघितलं की ते शब्द त्यांनी चहाबरोबर गिळले. रंगुबाईंनी गावातल्या जालिंदरची भाड्याची जीप सांगितली. लग्नाला चार वर्षं झाल्यावर हे मूल राहिलं होतं, एकदा राहून गेलेलंही होतं. दौंडहून निघताना विहीणबाईंनी रंगुबाईंचा हात धरून एवढंच म्हटलं, "जपून न्या." रंगुबाई एरवी एकाला चार बोलतात. तेव्हा नुसती मान हलवली.

मारुतरावांना मात्र जीपचा राग आला होता. म्हणाले, येताना मी गाडी घेऊन पुढं चालतो, रस्ता दावतो. तो रस्ता जालिंदर रोज दोनदा करतो. पण सासऱ्याच्या वयाच्या माणसाला कोण बोलणार?

म्हणून त्या दिवशी पहिल्यांदा माझी माणसं माझ्या मागून आली. जीपच्या काचेत तिघंही मला दिसत होती. जालिंदर, मधी रंगुबाई, कडेला पोटावर हात ठेवून करिश्मा. आतलं बोलणं मला ऐकू येत नव्हतं, पण नंतर भांडणात सगळं निघालंच. चौफुल्यापर्यंत जालिंदरनं माझ्याकडं बघून तीन-चारदा ब्रेक मारला. दर वेळी करिश्मा पुढं हिंदकळली. शेवटी रंगुबाईच म्हणाल्या, "जालिंदर, त्या बत्तीकडं बघू नगं. खोडीलच हाय ती. पोरीला धक्कं बसत्यात. तू आपला सरळ चाल."

जालिंदरनं माझ्याकडं बघायचं सोडलं.

पारगावचा पूल झाला. न्हावऱ्याच्या अलीकडं रानातल्या वाटेनं उसाची बैलगाडी एकदम रस्त्यावर आली, आणि मारुतराव थांबले. या वेळी खरोखर थांबले. मी पेटलेली होतेच. त्याहून वेगळं मी काय करणार होते?

जीपचं नाक माझ्याकडं येताना मी बघितलं. जालिंदरनं चाक फिरवलं, अर्धी जीप रस्त्याकडेच्या चारीत उतरली, बंपरचा कोपरा मला लागला. कच्. माझ्या काचेचा एक टवका रस्त्यावर पडला. मारुतराव हँडलला धरून उभेच होते.

बैलसुद्धा उभे राहिले.

"करिश्मा?" रंगुबाईंचा तसला आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. "पोरी, बोल की गं."

करिश्मा पोटावर दोन्ही हात ठेवून बसली होती. मग म्हणाली, "आई, लाथ मारली. आतनं."

"जोरात?"

"लई जोरात. चिडलंय ते."

मग रंगुबाई खाली उतरल्या. त्यांनी मला बघितलं, खाली वाकून मारुतरावांचा पाय बघितला, पुन्हा मला बघितलं.

"अवो, पाय कुठं हाय तुमचा?"

"ब्रेकवर."

"आन् दौंडापासनं कुठं हुता?"

"ब्रेकवरच."

"का?"

मारुतरावांना प्रश्नच कळेना. "तूच म्हणालीस न्हवं?"

"मी? कवा?"

"नवी गाडी हुती तवा. ओढ्याच्या उताराला. काढला तर उतरून चालत जाईन म्हणालीस."

जालिंदर उगाच टायर तपासायला लागला. उसाच्या गाडीवाल्यानं तोंड उसाकडं फिरवलं.

"तेरा वर्सांत मी हजार गोष्टी सांगितल्या," रंगुबाई म्हणाल्या. "तंबाखू सोडा म्हणले. उसाच्या नादी लागू नगा म्हणले. आन् ऐकली ती एवढी एकच?"

"ती पटली हुती," मारुतराव म्हणाले.

रंगुबाईंनी पदरानं तोंड पुसलं. माझ्या काचेचा पडलेला टवका उचलून कमरेला खोचला.

"बरं. आता मीच म्हणते. काढा पाय."

मारुतरावांनी पायाकडं बघितलं. दुसऱ्याच कुणाचा असावा तसं बघितलं. "काढतो," ते म्हणाले. "पर तू चालत जाऊ नगंस. जीपमधीच बस."

तिथून पुढं मी विझून आले. रस्त्यानं जाताना विझून असणं काय ते मला पहिल्यांदाच कळलं. रंगुबाई दूध चुलीवर ठेवल्यासारख्या माझ्याकडं बघत होत्या. सवयीनं पाय दोनदा गेला, दोनदा मी पेटले, आणि दोन्ही वेळा जीपच्या हॉर्नवर मारुतरावांनी पाय असा उचलला की विंचू चावला असावा. मग आपल्या ओढ्याच्या उताराला शेरडं आडवी आली. मी पेटले. मागं जालिंदरनं गाडी अशी अलगद थांबवली की करिश्माची झोपही मोडली नाही.

मुलगी झाली. चिडकी आहे, आजीवर गेलीय.

टवका करिश्मानं चिकटवला, आणि जिथं बसेना तिथं नखाला लावायचं लाल लावलं. फट अजून दिसते. पुढच्या दसऱ्याला रंगुबाई तबक घेऊन आल्या आणि पुढच्या दिव्याला वळसा घालून सरळ मागं आल्या. कुंकवाचं पहिलं बोट मला.

आता मी दिवसभरात थोडा वेळच पेटते, पण पेटले की मागचा थांबतो. माझं मागणं मोठं नाही. गाडीवर बसाल तेव्हा आपला उजवा पाय कुठं आहे ते एकदा खाली वाकून बघा. मागून कोण येतंय ते तुम्हाला दिसत नाही. मला दिसतं.